मातीपासून मॅटपर्यंत : काशीतील एक दिवस

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :
• काशीच्या घाटांशी असलेला मराठी माणसांचा संबंध उदाहरणांसह सांगता येईल.
• आखाडा आणि आधुनिक क्रीडासंकुल यांतील साम्य व भेद स्पष्ट करता येतील.
• ‘तालीम’ या शब्दाचे विविध अर्थ उलगडून दाखवता येतील.
• खेळाची संधी कोणाला मिळते, या प्रश्नावर स्वतःचे मत मांडता येईल.

पाठाची ओळख

काशी म्हटले की यात्रा, गंगास्नान आणि मंदिरे डोळ्यांसमोर येतात. परंतु काशी ही शरीरसाधनेचीही नगरी आहे. गंगेच्या काठाने पायी चालत गेले असता जुने आखाडे दिसतात आणि शहराच्या आतल्या भागात नवे क्रीडासंकुल दिसते. या दोहोंमधील अंतर एका दिवसात पार करता येते. मात्र त्या अंतरात कित्येक शतकांचा इतिहास सामावलेला आहे. या पाठात त्या एका दिवसाचे वर्णन केले आहे.

मूळ पाठ

१. दूधविनायकाहून घाटाकडे

वाराणसीच्या उत्तर भागात, पंचगंगा आणि दुर्गाघाट यांच्या वरच्या अंगाला अरुंद गल्ल्यांचे जाळे पसरले आहे. दूधविनायक हा त्यांतीलच एक मोहल्ला. येथे आणि आसपासच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत अनेक पिढ्यांपासून मराठी कुटुंबे राहत आली आहेत. कोणी वेदाध्ययनासाठी आले, कोणी पेशव्यांच्या आश्रयाने आले, कोणी काशीवासाचे पुण्य जोडण्यासाठी आले आणि येथलेच झाले. घराबाहेर बनारसी बोली आणि माजघरात मराठी, अशी त्यांची दुहेरी भाषासंपदा आहे.

पहाटेच्या वेळी या गल्ल्यांतून उतरू लागले की पायऱ्या संपता संपत नाहीत. मग अकस्मात समोरचे सारे मोकळे होते आणि गंगा दिसते. काशीला गंगा उत्तरवाहिनी होते. तिचा पश्चिम तीर उंच आणि घाटांनी बांधलेला आहे, तर पूर्व तीर बहुतांशी मोकळ्या वाळवंटाचा आहे. त्यामुळे उगवत्या सूर्याच्या आड एकही इमारत येत नाही. त्याचे पहिले किरण पाण्यावरून थेट पायऱ्यांवर पडतात. येथून अस्सी घाटापर्यंतचा पायी रस्ता साधारणतः साडेचार-पाच किलोमीटरांचा आहे. पावसाळ्यात गंगेचे पाणी चढले की घाटांना जोडणारी ही वाट बुडते. म्हणून ही पदयात्रा हिवाळ्यात करणे उत्तम.

२. दगडांत कोरलेला मराठी इतिहास

दुर्गाघाट अठराव्या शतकात नारायण दीक्षित यांनी बांधविला. त्याला लागूनच पंचगंगा घाट आहे. संत एकनाथांनी आपला भागवतावरील प्रसिद्ध ग्रंथ इ. स. १५७३ मध्ये काशी येथेच पूर्ण केला. पैठणच्या संताची मराठी काशीच्या गंगाकाठी बहरली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच परिसरातील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ सनईचा रियाज करीत असत. पुढे नागपूरकर भोसल्यांचा भोसले घाट लागतो. त्यापुढे शिंदे घाट आहे. तेथे पाण्याच्या कडेला एका अंगाला कललेले रत्नेश्वर मंदिर पाहून प्रत्येक प्रवासी क्षणभर थबकतो. मणिकर्णिकेवर चिता अखंड जळत असतात. तेथून जाताना चालणाऱ्यांची बोलणी आपोआप थांबतात. अहिल्याबाई होळकरांनी इ. स. १७८० मध्ये विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले. त्यांच्या नावाचा घाट दशाश्वमेधाला लागून आहे. आणखी दक्षिणेस अमृतराव पेशव्यांचा राजा घाट आहे. मराठी सत्ता काशीवर कधीच नव्हती. तरीही मराठी माणसांनी येथे दगड रचले, पायऱ्या बांधल्या आणि त्या सर्वांसाठी खुल्या ठेवल्या.

३. तालीम : एक शब्द, अनेक अर्थ

राजा घाटाच्या अलीकडेच पांडे घाट आहे. बबुआ पांडे यांच्या आखाड्यामुळे त्याला हे नाव मिळाले असे सांगतात. काशीच्या घाटांवर आणि गल्ल्यांत असे अनेक आखाडे होते. काही आजही आहेत. आखाड्याला फारसे सामान लागत नाही. एक हौदा, त्यात भुसभुशीत केलेली माती, मारुतीची मूर्ती, भिंतीला टेकवलेली गदा आणि लाकडी जोडी, एवढाच संसार. मातीत तेल, ताक, हळद मिसळतात. त्यामुळे ती मऊ राहते आणि खरचटलेल्या अंगाला बाधत नाही. पहाटे मल्ल प्रथम फावड्याने ती माती खणतो. खणणे हाच त्याचा पहिला व्यायाम असतो. नंतर जोर, बैठका आणि शेवटी कुस्ती.

महाराष्ट्रात अशा जागेला ‘तालीम’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी असून त्याचा अर्थ ‘शिक्षण’ असा आहे. मराठीत तो व्यायामशाळेला लागला, नाटकाच्या सरावाला लागला आणि हिंदुस्थानी संगीतात गुरूकडून मिळणाऱ्या विद्येलाही लागला. बालाजी मंदिरातील सनई आणि पांडे घाटावरील माती ही दोन्ही या अर्थाने तालीमच होय. पुस्तकातून मिळते तेवढेच शिक्षण, ही समजूत या एका शब्दाने खोटी ठरते. हात, पाय, श्वास आणि गळा यांनाही शिकवावे लागते. त्या शिक्षणात पाठांतर नसते, पण पुनरावृत्ती मात्र असते.

मल्लखांबाची कथाही येथे आठवते. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात या व्यायामाचा उल्लेख सापडतो. मध्यंतरी तो मागे पडला. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी त्याला नवे रूप दिले. १८१८ मध्ये पेशवाई संपली. बाजीराव ब्रह्मावर्तास गेले आणि त्यांचे बंधू चिमाजीअप्पा काशीस राहिले. राज्य गेले, परंतु विद्या गेली नाही; बाळंभटदादांच्या शिष्यपरंपरेने मल्लखांब उत्तरेत रुजविला. चिमाजीअप्पांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांबे यांची कन्या मणिकर्णिका काशीतच जन्मली. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई म्हणून प्रसिद्ध झाली. अस्सी घाटाजवळ भदैनी येथे तिचे स्मारक आहे. घोड्यावर मांड टाकून तलवार चालविणाऱ्या त्या स्त्रीचे जन्मस्थान ज्या भागात आहे, त्याच भागात मुलींना मात्र दीर्घ काळ आखाड्याचे दार बंद होते.

४. तुलसी घाटावरील बदल

अस्सीच्या अगोदर तुलसी घाट लागतो. तेथील स्वामीनाथ आखाड्याची परंपरा संत तुलसीदासांपर्यंत नेली जाते. नागपंचमीला येथे कुस्त्यांचा फड रंगतो. शतकानुशतके या मातीत केवळ पुरुष उतरत होते. २०१६ मध्ये रिओ येथील ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक हिने कांस्यपदक मिळविले. कुस्तीत ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्यानंतर २०१७ मध्ये स्वामीनाथ आखाड्याने मुलींनाही मातीत उतरू दिले. कोणताही नवा हौदा खणावा लागला नाही, कोणतीही इमारत बांधावी लागली नाही. माती तीच होती. बदलली ती केवळ परवानगी.

ही घटना लहान वाटेल; परंतु तिचा अर्थ मोठा आहे. साधने स्वस्त असली म्हणजे ती सर्वांना मिळतातच असे नाही. आखाड्याला पैसा लागत नव्हता, तरी अर्ध्या समाजाला तेथे प्रवेश नव्हता.

५. सिगरा येथील क्रीडासंकुल

घाटांची पदयात्रा अस्सीला संपते. तेथून शहराच्या आत सिगरा या भागात गेले की दुसरेच जग दिसते. काशीत जन्मलेले आणि १९५४ ते १९६० या काळात उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री असलेले डॉ. संपूर्णानंद यांच्या नावाने ओळखले जाणारे येथील मैदान अलीकडे पूर्णपणे नव्याने उभारण्यात आले. त्याच्या दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्याचे उद्घाटन २० ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. या दोन टप्प्यांचा खर्च २१० कोटी रुपयांहून अधिक होता. राष्ट्रीय उत्कृष्टता केंद्र, खेळाडूंची वसतिगृहे, क्रीडाविज्ञान केंद्र, निरनिराळ्या खेळांची सराव मैदाने, बंदिस्त नेमबाजी केंद्र आणि कुस्तीसारख्या द्वंद्वखेळांची दालने, अशी या संकुलाची आखणी आहे.

अशा ठिकाणी कुस्ती मातीत होत नाही, मॅटवर होते. मॅटवर नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ आखलेले असते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती, असा नियम असतो. प्रत्येक पकडीला गुण मिळतात. मातीतील पारंपरिक कुस्तीत मात्र प्रतिस्पर्ध्याला चीतपट करणे हेच मुख्य ध्येय असते; त्यामुळे मल्ल संथपणे ताकद अजमावतो. मॅटवर तेवढा वेळ नसतो. पायही वेगळ्या रीतीने टाकावे लागतात. म्हणूनच केवळ मातीत वाढलेल्या मल्लाला मॅटवर नव्याने शिकावे लागते.

याचे ठळक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव तालमीच्या मातीत घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅटवर लढावे लागले. मॅटची सवय नसतानाही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते. मातीने त्यांना बळ दिले. मॅटचे तंत्र मात्र त्यांना मोठ्या कष्टाने आत्मसात करावे लागले. आज उत्कृष्टता केंद्रात खेळाडूला जे निवास, आहार आणि दुखापतीवरील उपचार मिळतात, त्यांपैकी फारसे काही खाशाबांच्या वाट्याला आले नव्हते.

काशीच्या खेळाडूंनीही देशाचे नाव उज्ज्वल केले आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये हॉकीचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातील मोहम्मद शाहिद हे काशीचेच. टोकियो आणि पॅरिस येथे कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय हॉकी संघांतील ललित उपाध्याय हेही याच परिसरातील.

६. दोन दारे

दिवसाच्या शेवटी प्रवाशाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. आखाडा श्रेष्ठ की संकुल? खरे पाहता हा प्रश्न चुकीच्या रीतीने विचारला जातो. संकुलाशिवाय जागतिक स्पर्धेत टिकणे कठीण आहे. कारण तेथे क्षणाक्षणाचे आणि अंशाअंशाचे गणित असते. परंतु उत्कृष्टता केंद्रात प्रवेश मिळतो तो निवडीनंतर. निवडीपर्यंत पोहोचण्यासाठी मुलाला आधी कोठेतरी खेळायला मिळाले पाहिजे. ते पहिले दार गल्लीतल्या तालमीचे, गावातल्या मैदानाचे किंवा शाळेच्या पटांगणाचे असते. ते दार बंद राहिले तर कोट्यवधी रुपयांच्या संकुलात पोहोचणारी पावलेच उरणार नाहीत.

आणि ज्यांना पदक मिळवायचे नाही त्यांचे काय? घाटावर पहाटे जोर काढणाऱ्यांपैकी बहुतेकांना ऑलिंपिकला जायचे नसते. कोणी दुकान उघडण्यापूर्वी येतो, कोणी नाव वल्हविण्यापूर्वी येतो, कोणी साठी उलटल्यावरही येतो. त्यांना निरोगी राहायचे असते. शिक्षणाला जशी वयाची अट नसावी, तशीच तालमीलाही नसावी. २०१७ मध्ये तुलसी घाटावर जे घडले त्याने हेच दाखवून दिले की, दार रुंद करण्यासाठी दर वेळी पैसाच लागतो असे नाही; कधी कधी मन रुंद करावे लागते.

शब्दार्थ

उत्तरवाहिनी – उत्तर दिशेकडे वाहणारी
काशीवास – पुण्यप्राप्तीसाठी काशीत राहणे
हौदा – कुस्तीसाठी मातीने भरलेली खोलगट जागा
जोडी – व्यायामासाठी फिरविण्याचे दोन जड लाकडी मुद्गल
फड – कुस्त्यांचा सामना, मेळा
चीतपट – प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकविणे
पदरी असणे – चाकरीत असणे
द्वंद्वखेळ – दोन खेळाडूंमध्ये समोरासमोर होणारा खेळ

पाठगत प्रश्न

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) संत एकनाथांनी आपला ग्रंथ काशी येथे इ. स. ______ मध्ये पूर्ण केला.
(आ) मल्लखांबाला नवे रूप ______ यांनी दिले.
(इ) स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ______ यांनी जिंकले.

२. योग्य की अयोग्य ते लिहा.
(अ) ‘तालीम’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘कुस्ती’ असा आहे.
(आ) काशीच्या घाटांवरील वाट पावसाळ्यात बुडते.

स्वाध्याय

१. मातीतील कुस्ती व मॅटवरील कुस्ती यांतील फरक पाच-सहा वाक्यांत लिहा.
२. ‘माती तीच होती, बदलली ती केवळ परवानगी,’ या विधानाचा आशय स्पष्ट करा.
३. तुमच्या गावात किंवा वस्तीत खेळण्यासाठी कोणती जागा आहे? तेथे कोणाला प्रवेश मिळतो व कोणाला मिळत नाही, याची माहिती घेऊन दहा ओळींत लिहा.
४. ‘तालीम’ या शब्दाप्रमाणे एकाहून अधिक अर्थ असलेले तीन शब्द शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.