पंडिता रमाबाई आणि मनोरमा : परदेशातील एका बालपणाचा विचार

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. त्यात हमखास येणारी एक माहिती अशी की, १८८३ साली त्या आपल्या लहान मुलीला बरोबर घेऊन इंग्लंडला गेल्या. एवढे सांगून चरित्र पुढे सरकते. धर्मांतर येते, अमेरिका येते, शारदा सदन येते. मुलगी मात्र त्या एका वाक्यात मागेच राहते. ती केवढी होती, तिला कोणी सांभाळले, आईच्या शिक्षणाच्या काळात तिचे काय झाले, हे प्रश्न आपण फारसे विचारीत नाही. प्रस्तुत लेखात त्या मुलीच्या बाजूने थोडे पाहावयाचे आहे.

मनोरमेचा जन्म १६ एप्रिल १८८१ चा. वडील बिपिनबिहारी मेधावी हे बंगाली वकील. फेब्रुवारी १८८२ मध्ये ते पटकीने वारले, तेव्हा मुलीला वर्षही पुरे झाले नव्हते. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण १८७४ च्या सुमारास, भाऊ १८८० मध्ये, असे माहेर आधीच संपलेले. म्हणजे मूल ठेवावे असे घरच नव्हते. रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले. त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची काही सोय झाली आणि वैद्यकीय शिक्षण घ्यावे या हेतूने त्या निघाल्या.

त्याच १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशीही कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. या दोघी एकमेकींच्या नात्यातल्या. आनंदीबाईंचे मूल जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेले होते आणि पती गोपाळराव मागे राहिले होते; त्या एकट्या गेल्या. रमाबाईंच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. आपण या दोघींची नावे नेहमी एका दमात घेतो. पण एकटे शिकावयास जाणे आणि मूल घेऊन शिकावयास जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत धैर्य लागते. दुसरीत धैर्य तर लागतेच, शिवाय मी वर्गात असताना मूल कोणाजवळ, या प्रश्नाचे उत्तर रोज सकाळी द्यावे लागते.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाचे उत्तर वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या मठातील भगिनींनी दिले. त्यांनी मायलेकींना आसरा दिला. रमाबाईंबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी त्याच वर्षी तेथे आत्महत्या केली. या घटनेचा विचार रमाबाईंच्या मनःस्थितीच्या अंगाने अनेकांनी केला आहे. मनोरमेच्या अंगाने पाहिले तर आईखेरीज आपल्याकडचे म्हणावे असे जवळचे माणूस उरले नाही, असा त्याचा अर्थ होतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाईंना ऐकू कमी येत असल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत सोडावा लागला. १८८४ मध्ये त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तेथे त्या स्वतः शिकत आणि संस्कृत शिकवीत. या काळात मुलीच्या सांभाळाचा मोठा भार वाँटेजच्या भगिनींवर होता.

भगिनींपैकी सिस्टर जेराल्डिन यांना रमाबाई 'आजीबाई' म्हणत. हे नाव मला फार बोलके वाटते. परक्या मुलखात माणूस आधी नाते शोधतो, आणि मुलाला सांभाळणारी वयस्क बाई म्हटली की आपल्या तोंडी आजीच येते. पण नाते लावले की हक्क येतो, आणि हक्क आला की भांडणही येते. रमाबाई व सिस्टर जेराल्डिन यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला असून तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील वाद वरवर पाहता धर्मतत्त्वांचे आहेत. पण त्यांतच मनोरमेला काय शिकवावे आणि ते कोणी ठरवावे, हा झगडा सतत डोके वर काढतो.

भगिनींची बाजू अशी की, मूल आमच्याजवळ आहे, त्याच्या आत्म्याची जबाबदारी आमच्यावर आहे. तेव्हा आमच्या चर्चची शिकवण त्याला पूर्णपणे मिळाली पाहिजे. रमाबाईंचे म्हणणे असे की, जे मला स्वतःला पटलेले नाही ते माझ्या मुलीच्या मनावर माझ्या संमतीवाचून बिंबवू नये. याहून महत्त्वाचा त्यांचा दुसरा आग्रह होता. मुलीने भारतीय लोकांतलीच एक म्हणून वाढावे. त्यांच्याकडे परकेपणाने किंवा वरून खाली पाहणारी ती होऊ नये. आपल्या देशाच्या नावाची तिला लाज वाटू नये, असे त्यांनी स्पष्ट कळविले होते. रमाबाई स्वतः तेथेही शाकाहारीच राहिल्या, आणि यात जातीचा अभिमान उरला आहे असा ठपका त्यांच्यावर आला. ताटात काय वाढावे इतक्या साध्या गोष्टीवरून आपण कोण, हा वाद उभा राहिला.

येथे भगिनींना खलनायिका करण्याचे कारण नाही. त्यांनी विधवेला व पोरक्या मुलीला जागा दिली, माया दिली. पण मदत घेणारी आई आणि मदत देणारे घर यांच्यात बरोबरी नसते. ज्याच्या घरात मूल झोपते त्याचा शब्द नकळत मोठा होतो. रमाबाईंचे मोठेपण असे की, उपकाराखाली असतानाही आपला आईपणाचा हक्क त्यांनी सोडून दिला नाही. कृतघ्नपणाचा दोष पत्करूनही त्यांनी तो बोलून दाखविला.

या आग्रहाचे मूळ मला त्यांच्या स्वतःच्या बालपणात दिसते. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या असताना कुटुंबाने गंगामूळचे घर सोडले आणि त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगरावरून खाली आणले. तेव्हापासून तीर्थयात्रा आणि पुराणकथन हाच संसार झाला. गाव नाही, शाळा नाही. तरीही आई लक्ष्मीबाईंनी वाटेत, धर्मशाळेत, जिथे बिऱ्हाड पडेल तिथे मुलीला संस्कृत शिकविले. फिरतीमुळे मूल वाया जातेच असे नाही, याचे रमाबाई स्वतःच उदाहरण होत्या. पायाखालची जमीन रोज बदलत होती. शिकविणारे माणूस आणि भाषा मात्र बरोबर चालत होती. वाँटेजला याच्या उलट झाले. छप्पर पक्के होते आणि आई दूरच्या कॉलेजात.

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या, ११ मार्चला फिलाडेल्फियात होणाऱ्या आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी. मनोरमा बरोबर होती. मुक्काम लांबत गेला. व्याख्याने, दौरे, निधी सुरू झाला. त्याच वर्षी त्यांनी मनोरमेला इंग्लंडला वाँटेजलाच परत पाठविले. ज्यांच्याशी मुलीवरून इतका वाद झाला त्यांच्याकडेच! हा निर्णय चरित्रकार पटकन ओलांडतात. मला वाटते, तो रमाबाईंच्या आयुष्यातील अवघड निर्णयांपैकी एक असला पाहिजे. रोज नव्या गावी व्याख्यान देणाऱ्या आईबरोबर पाच वर्षांच्या मुलीने किती आगगाड्या बदलाव्यात? वाद असला तरी ओळखीचे अंथरूण तिथे होते. आणि पुढे जे झाले ते मनाला चटका लावणारे आहे : आपले मूल समुद्रापलीकडे ठेवून रमाबाई अमेरिकेत लहान मुलांच्या शिक्षणाची किंडरगार्टन पद्धती शिकत होत्या आणि मराठी मुलांसाठी वाचनपुस्तके तयार करण्याच्या खटपटीत होत्या.

हे सारे दूरचे वाटेल. आपल्या परंडा भागातून बोटीने वा विमानाने जाणारे थोडे. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीला जाणाऱ्यांची नवलाई आपल्याला नाही. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मूल बरोबर न्यावे तर शाळा बुडते. फडावर थोरली बहीण धाकट्याला सांभाळते. कारखाना कर्नाटकात असला तर जवळच्या शाळेत कन्नड चालते. मूल मागे ठेवावे तर आजी थकलेली. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, २००९ चा शिक्षण हक्काचा कायदाही झाला. तरी दरवर्षी आईला निवड करावीच लागते. तिकडे अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबांची मुले बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत आठवड्याला जातात. त्यांच्या आणि फडावरच्या मुलांच्या स्थितीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे उघड आहे. पण आईबाप कामावर असताना मूल कोणाजवळ, कोणत्या भाषेत, आणि त्याच्याबद्दल शेवटचा शब्द कोणाचा, हे तिन्ही प्रश्न सारखेच आहेत. फरक इतकाच की रमाबाईंना पत्र लिहून वाद घालता येत होता. फडावरच्या आईने कोणाला लिहावे?

फेब्रुवारी १८८९ मध्ये रमाबाई मुंबईस परतल्या आणि ११ मार्चला शारदा सदन उघडले. मनोरमेचे पुढचे बालपण बालविधवांनी गजबजलेल्या त्या सदनात गेले. पुढे ती पुन्हा इंग्लंड-अमेरिकेत शिकली, पण परत आली ती आईच्या कामात पडण्यासाठीच. लोकांपासून तुटेल ही जी भीती आईला होती, ती खरी ठरली नाही. तिने १९१३ मध्ये गुलबर्ग्यास शांतिसदन काढले. गुलबर्गा तेव्हा आपल्या परंड्याप्रमाणेच निजामाच्या राज्यात होते. १९२१ मध्ये मनोरमा वारली, वय चाळीस. त्यानंतर वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईही गेल्या.