चित्र कसे पाहावे?

पुस्तक जसे वाचता येते, तसे चित्रही वाचता येते. मात्र त्यासाठी थोडे थांबावे लागते.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात एका स्त्रीचे सुमारे सात फूट उंचीचे तैलचित्र आहे. जॉन सिंगर सार्जंट या अमेरिकन चित्रकाराने ते १८८४ साली पॅरिसमध्ये पूर्ण केले.

आधी फक्त पाहा. स्त्री उभी आहे. तिने लांब, काळा पोशाख घातला आहे. चेहरा एका बाजूला वळवला आहे. उजवा हात मेजावर टेकला आहे. डाव्या हातात पंखा आहे. केसांत चंद्रकोरीसारखा दागिना आहे. गळ्यात मात्र काहीच नाही. पार्श्वभूमी तपकिरी व मोकळी आहे. त्यामुळे आपली नजर त्या स्त्रीवरच खिळते.

आता विचार करा. ती आपल्याकडे का पाहत नाही? कोणी म्हणेल, ती गर्विष्ठ आहे. कोणी म्हणेल, ती लाजते आहे. ही उत्तरे आपल्या मनातली आहेत. चित्र एवढेच सांगते, की तिने मान वळवली आहे. पण मेजावरचा हात पाहा. तो सैल नाही, ताणलेला आहे. म्हणजे ही ऐट सहज नाही, प्रयत्नाने धरलेली आहे.

ही स्त्री म्हणजे पॅरिसच्या श्रीमंत समाजातील व्हर्जिनी गोत्रो. १८८४ च्या प्रदर्शनात हे चित्र लागले, तेव्हा पोशाखाची एक पट्टी खांद्यावरून घसरलेली दाखवली होती. तेवढ्यावरून लोकांनी चित्राची टिंगल केली आणि त्या बाईंनाही नावे ठेवली. चित्र काढून घ्यावे, अशी विनंती त्यांच्या आईने केली. सार्जंटने ती मानली नाही. पुढे त्याने पट्टी खांद्यावर रंगवली. पण झालेली निंदा पुसता आली नाही. १९१६ साली त्याने चित्र संग्रहालयाला विकले, तेव्हा बाईंचे नाव देऊ नये, असे कळवले. म्हणून ते 'मादाम एक्स' या नावाने ओळखले जाते.

डोळ्यांना दिसते ते एक आणि आपण ठरवतो ते दुसरे. हा फरक चित्रापुढे उभे राहून शिकता येतो. माणसांच्या बाबतीत तो अधिक उपयोगी पडतो.

शब्दार्थ
पार्श्वभूमी – चित्रातील मागचा भाग
ऐट – रुबाब
नावे ठेवणे – दोष देणे

स्वाध्याय
१. लोकांनी चित्राची टिंगल का केली?
२. चित्रात दिसणाऱ्या तीन गोष्टी लिहा.
३. घरातील एखादे छायाचित्र पाहा. त्यात काय दिसते आणि तुम्हांला काय वाटते, ते वेगवेगळे लिहा.