तोल जाण्याचा आजार, मग कर्करोगाची काळजी का?

प्रश्न : नातू पाच वर्षांचा आहे. चालायला वेळेवर शिकला, पण आता झोकांड्या खातो. डोळ्यांत लाल शिरा दिसतात, सर्दी-कफ सुटत नाही. डॉक्टरांनी ‘अटॅक्सिया तेलांजिएक्टेशिया’ सांगितलं. आजार तोल जाण्याचा, मग ते प्रतिकारशक्ती आणि कर्करोगाचं का बोलतात? उगाच एक्स-रे काढू नका असंही म्हणाले. सुनेनं गरोदरपणी ग्रहण पाहिलं, त्यानं तर झालं नाही ना?
— एक आजी, कळंब (जि. यवतमाळ)

उत्तर : आजी, ग्रहणाची शंका आधी मनातून काढा आणि सुनेलाही तसं सांगा. हा दोष गर्भ राहतानाच आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो; एकट्या आईमुळे हा आजार होत नाही. आपल्याकडे सिकलसेल पुष्कळांना माहीत आहे. हिशोब तोच. दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतःला आजार नसून हा दोष बाळगून असले, तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. नात्यात लग्न झालं असेल तर ही गाठ पडण्याची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हा आजार आढळतो.

आता मूळ कोडं. आपल्या पेशींतला डीएनए अधूनमधून तुटतच असतो. मागावर दोरा तुटला की विणकर आधी माग थांबवतो, टोकं सांधतो, मगच धोटा फेकतो. पेशीत ‘थांबा, दोरा तुटलाय’ असा इशारा देणारं प्रथिन म्हणजे एटीएम. त्याचं जनुक अकराव्या गुणसूत्रावर असतं. इस्रायलच्या योसेफ शिलो यांच्या गटानं ते 1995 मध्ये शोधलं. तुमच्या नातवात हा इशारा मिळत नाही, म्हणून दोरा तुटला तरी माग चालूच राहतो.

प्रतिकारशक्तीचा संबंध इथेच येतो, आणि मला तो भाग सर्वांत विलक्षण वाटतो. जंतू असंख्य, प्रत्येकासाठी वेगळं जनुक ठेवणं शक्य नाही. म्हणून आपल्या संरक्षक पेशी घडताना स्वतःचा डीएनए मुद्दाम कापतात आणि तुकडे नव्या जुळणीनं जोडतात. त्यातूनच नाना तऱ्हेची प्रतिपिंडं तयार होतात. म्हणजे कापून सांधण्याचं काम जिथे रोजचंच, तिथेच राखणदार नाही. प्रतिपिंडं कमी पडतात, म्हणून कफ सुटत नाही.

कधी एका गुणसूत्राचं टोक भलत्याच गुणसूत्राला चिकटतं. या मुलांच्या रक्तपेशींत सातव्या आणि चौदाव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल वारंवार दिसते, आणि संरक्षक पेशी मुद्दाम कापतात त्या जागाही याच गुणसूत्रांवर आहेत. अशा चुकीच्या सांध्यामुळे पेशीची वाढ बेबंद झाली, की कर्करोग. साधारण चौघांत एकाला तो होतो. लहान वयात बहुतेकदा लिम्फोमा किंवा रक्ताचा कर्करोग. आणि तोल जातो तो याच दोषापायी लहान मेंदूतल्या पेशी हळूहळू झिजल्यामुळे. पोलिओ किंवा जन्मावेळची इजा समजून काही घरांत वर्षं निघून जातात, हे मला फार लागतं.

एक्स-रेमुळे हा आजार झालेला नाही. पण किरणांनी डीएनए तुटतो, आणि तो सांधण्याची सोय या मुलांत अपुरी असते. गरजेचा एक्स-रे काढावा, विनाकारण सीटी स्कॅन करू नये. पुढे कर्करोग झालाच, तर नेहमीच्या मात्रेतला किरणोपचार जिवावर बेतू शकतो. म्हणून आजाराचं नाव लिहिलेला कागद कायम सोबत ठेवा.

मूळ दोष दुरुस्त करणारं औषध आज नाही. मात्र प्रतिपिंडं शिरेतून देता येतात, जंतुसंसर्गावर वेळीच उपचार होतात, व्यायामोपचारानं हालचाल टिकवता येते. अल्फा-फीटोप्रोटीन या साध्या रक्त-तपासणीत दोन वर्षांवरील बहुतेक रुग्णांत प्रमाण वाढलेलं दिसतं; पक्कं निदान जनुक-तपासणीनं होतं. प्रतिकारशक्तीच्या अशा जन्मजात आजारांवर मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था काम करते; तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन धामणगावहून मुंबईची गाडी धरता येईल.

सुनेची गोष्ट राहिली. दोष दोघांकडून येतो, म्हणजे तीही वाहक असणार. वाहक बाईला स्वतःला हा आजार होत नाही, पण स्तनाच्या कर्करोगाची शक्यता इतर बायकांपेक्षा दुपटीच्या आसपास असते. तिनं आपल्या डॉक्टरांना हे सांगून नियमित तपासणी ठरवून घ्यावी. आणि दुसरं मूल हवं असेल, तर नातवाच्या जनुकातला नेमका दोष आधी शोधून घ्या. तो माहीत असला तरच पुढच्या गर्भाची तपासणी करता येते.