चार दिवस आधीचा इशारा आणि आपल्या गावचा नाला

प्रश्न : हवामान खात्यानं सोमवारी सांगितलं की गुरुवारी अमरावती जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट. गुरुवारी आमच्या बडनेऱ्यात नुसती भुरभुर झाली आणि तिकडे भातकुलीकडची वावरं तुंबली. चार दिवस आधीचा असा अंदाज आम्ही कशासाठी ऐकायचा? आणि नाल्याला पूर येणार हे आधी कळतं का?
– एक शेतकरी वाचक, जुनी वस्ती, बडनेरा

उत्तर : तुमचा अनुभव खरा आहे, आणि अंदाजही बहुधा चुकलेला नाही. इशारा पुन्हा वाचून पाहा. त्यात ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असं असतं. आपण ‘मुसळधार’ तेवढं ऐकतो आणि ‘तुरळक ठिकाणी’ सोडून देतो. खात्याच्या भाषेत तुरळक म्हणजे त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. चार ठिकाणी पर्जन्यमापक असतील, तर एका ठिकाणी जोरदार आणि तीन ठिकाणी साधा पाऊस झाला तरी तो अंदाज बरोबरच ठरतो. तुम्ही त्या तिघांत होता, भातकुलीवाले चौथे. ‘मुसळधार’लाही माप आहे. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. हे २४ तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असे धरतात, म्हणून रात्री पडलेला पाऊस दुसऱ्या दिवसाच्या आकड्यात दिसतो.

आता चार दिवस आधी नेमकं काय कळतं? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि ओडिशा, छत्तीसगड ओलांडून आपल्याकडे सरकतं. एवढी मोठी प्रणाली शेकडो किलोमीटर पसरलेली असते. ती उपग्रहाला दिसते, तिची वाट गणितात बसते, म्हणून ‘गुरुवारच्या आसपास विदर्भात पाऊस वाढेल’ हे सोमवारी सांगता येतं. पण वावर बुडवणारा ढग चार-पाच किलोमीटरचा असतो आणि तास-दोन तासांत बनून विरून जातो. सोमवारी तो ढग अस्तित्वातच नसतो. मे २०२५मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली, तिची चौकट ६ किलोमीटरची. आधीची १२ची होती. ही प्रगती मोठी आहे, तरी बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत पडेल आणि जुन्या वस्तीत पडणार नाही हे तिलाही सांगता येणार नाही.

शिवाय सुरुवातीच्या मापातली बारीकशी चूक दिवसागणिक वाढत जाते. अमेरिकेतले शास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी १९६१मध्ये संगणकात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरलं आणि पुढचं सगळं हवामानच वेगळं निघालं. म्हणून आता एकच गणित किंचित वेगवेगळ्या सुरुवाती देऊन पुन्हापुन्हा करतात. आपल्या खात्याच्या अशा एका पद्धतीत एकाच दिवसाची २१ उत्तरं काढली जातात. समजा त्यांतल्या १७ उत्तरांत आपल्या पट्ट्यात जोरदार पाऊस आला तर खात्री मोठी, पाचात आला तर नजर ठेवायची. इशाऱ्याचा रंग ठरवताना ही शक्यता आणि होऊ शकणारं नुकसान या दोन्हींचा विचार असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हाला. नारिंगी रंग तुम्हाला पावसाचं वचन देत नाही, तयारी सांगतो.

पुराचं उत्तर मात्र आभाळात कमी आणि जमिनीत जास्त आहे. जूनमध्ये आपल्या काळ्या जमिनीला कोपरापर्यंत हात जाईल एवढ्या भेगा असतात. पहिला मोठा पाऊस त्या भेगा पिऊन टाकतात आणि नाल्याला पाणीही दिसत नाही. तीच जमीन आठ दिवसांच्या झडीनंतर फुगते, भेगा मिटतात, वावर चिबडतं. मग तेवढाच पाऊस जवळपास सगळा वाहून निघतो. हिशेब करून पाहा : एका एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४ लाख लिटरच्या वर पाणी, दहा हजार लिटरचे ४० टँकर. हे एका एकराचं झालं. नाल्याच्या वरच्या अंगाला असे हजारो एकर असतात आणि सगळ्यांचं पाणी एकाच रपट्यावर येतं. म्हणून ‘मागच्या वर्षी एवढ्याच पावसात काही झालं नव्हतं’ हा विचार घातक आहे. मागच्या वर्षी तुमची जमीन कोरडी असेल.

अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज याच धाग्यावर बांधतात. ऑक्टोबर २०२०पासून भारतीय हवामान विभाग दक्षिण आशियासाठी अशी मार्गदर्शन व्यवस्था चालवतो. जमीन आधीच किती ओली आहे आणि आणखी किती पाऊस झाला तर नाले पात्र सोडतील, हे लहान लहान पाणलोटांसाठी ती मोजते. पुढच्या २४ तासांचा धोका आणि सहा तास आधीची सूचना, एवढी तिची मर्यादा. शेवटच्या दोन-तीन तासांत रडार कामाला येतं; पण नागपूरचं डॉप्लर रडार बडनेऱ्याहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्याचा किरण आपल्याकडे पोचेपर्यंत जमिनीपासून दोन-अडीच किलोमीटर वर गेलेला असतो. खालच्या थरात काय शिजतंय ते त्याला कमी दिसतं. पश्चिम विदर्भाला स्वतःचं रडार हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगतो : पाऊस आपल्याकडे पडला नाही म्हणजे पूर येणार नाही, असं मानू नका. वर्धा आणि तापी या दोन्ही नद्या मध्य प्रदेशातल्या मुलताईच्या परिसरात उगम पावतात. वर्धा आपल्या जिल्ह्याची पूर्वेची कड धरून जाते. तापीला मिळणारी पूर्णा उत्तरेकडून मेळघाटाच्या डोंगरांचं पाणी घेऊन येते, आणि आपल्याजवळची पेढी तिलाच मिळते. चिखलदऱ्याला रात्रभर कोसळलं तर खालच्या गावात सकाळी ऊन असतानाही पाणी चढतं. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुरानं नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये २०४ माणसं नेली. वरुडच्या पलीकडचंच हे गाव. तेव्हा मोबाइल नव्हता, वरच्या अंगाला काय चाललंय हे खाली कळायला मार्ग नव्हता. आज तो आहे, म्हणून फक्त आपल्या गावाचा अंदाज बघू नका, वरच्या तालुक्यांचाही बघा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मग असं : चार दिवस आधीच्या अंदाजावर फवारणी आणि खताचा डोस पुढे ढकला, चाऱ्याची सोय करा, वावरातले चर मोकळे करा. आदल्या दिवशीच्या अंदाजावर मोटरपंप नाल्याच्या काठावरून वर आणा, काठची जनावरं रात्री गावात बांधा. आणि तीन तासांच्या सूचनेवर फक्त माणसं हलवा, सामान नाही. गुरुवारी पाऊस हुकला तर तुमची एक फवारणी उशिरा झाली, एवढंच. हुकला नाही तर काय होतं ते मोवाडला विचारा.

रपट्यावरून वाहतं पाणी घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटिमीटर असलं, तरी मोठ्या माणसाचा पाय सुटतो. ३० सेंटिमीटरला लहान गाडी तरंगू लागते. गढूळ पाण्याखाली रस्ता उरलाय की खचलाय हे वरून दिसत नाही. दुचाकी काठावर लावा आणि पाणी उतरेपर्यंत थांबा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे. तो आजच मोबाइलमध्ये भरा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या मोबाइलमध्येही भरून द्या.