बेनिनचा बिबट्या

मुखवटा चेहऱ्यावर लावायचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पश्चिम आफ्रिकेतील बेनिन राज्यात मात्र सरदार पितळेचा छोटा मुखवटा कमरेला बांधीत. हे राज्य आजच्या नायजेरिया देशाच्या दक्षिण भागात होते. तेथील राजाला 'ओबा' म्हणतात.

यांपैकी अनेक मुखवटे बिबट्याच्या तोंडवळ्याचे असत. बिबट्या हा रानाचा राजा आणि ओबा हा मनुष्यवस्तीचा, अशी लोकांची धारणा होती. बिबट्याचा बळी देण्याचा अधिकारही ओबाचाच असे. त्यामुळे कमरेवरचा बिबट्या केवळ शोभेचा नव्हता; सरदाराचा अधिकार ओबाकडून आलेला आहे, याची ती खूण होती.

हे मुखवटे बेनिन शहरातील इगुन मार्गावरचे ओतारी घडवीत. मातीच्या गाभ्यावर मेणाची आकृती करून तिच्यावर पुन्हा मातीचा लेप देत. साचा तापवला की मेण वितळून जाई व त्या पोकळीत पितळेचा रस ओतला जाई. शेवटी साचा फोडावा लागे. म्हणून एकासारखा दुसरा मुखवटा होत नसे.

राजघराण्याची स्मृती अशा वस्तूंतूनच जपली जात होती. १८९७ मध्ये ब्रिटिश सैन्याने राजवाडा लुटला आणि हजारो वस्तू परदेशी गेल्या. त्यांपैकी २० वस्तू जर्मनीने २०२२ मध्ये, तर ११९ वस्तू नेदरलँड्सने २०२५ मध्ये नायजेरियाला परत केल्या. इगुन मार्गावर ओतकाम आजही चालते.

पाठगत प्रश्न
१. कमरेवरचा बिबट्या कशाची खूण होती?
२. प्रत्येक मुखवटा वेगळा का असे?