बांधावरची शाळा

खानदेशात कापूस हे शेतकऱ्याचे प्रमुख नगदी पीक होय. जळगाव व धुळे जिल्ह्यांत पाण्याची सोय असलेले शेतकरी मे महिन्यातच पूर्वहंगामी लागवड करतात. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला मान्यता मिळाली, तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले. परंतु पुढे गुलाबी बोंडअळी या वाणांनाही दाद देईनाशी झाली आणि २०१७ मध्ये राज्यात तिचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणी केव्हा करावी आणि केव्हा टाळावी, हे कळणे केवळ उत्पन्नाचा नव्हे, तर जिवाचाही प्रश्न आहे.

हे ज्ञान नुसत्या व्याख्यानाने अंगी बाणत नाही. त्यासाठी शेतीशाळा ही पद्धत उपयुक्त ठरली आहे. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तुडतुड्यांच्या प्रश्नातून ती उदयास आली. आपल्याकडे २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जळगाव जिल्ह्याचा समावेश होता. शेतीशाळा हे त्या प्रकल्पाचे महत्त्वाचे अंग होते.

शेतीशाळेत शेत हाच फळा आणि पीक हेच पुस्तक. हंगामभर शेतकऱ्यांचा गट ठरावीक दिवशी शेतात जमतो. मार्गदर्शक उत्तर सांगत नाही, तर निरीक्षण करावयास लावतो. कामगंध सापळ्यात किती पतंग आले? डोमकळ्या किती? हिरव्या बोंडांत अळ्या किती, मित्रकीटक किती? शेतकरी मोजतात, कागदावर मांडतात, चर्चा करतात. सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, किंवा वीस बोंडांपैकी दोन किडकी, ही आर्थिक नुकसानीची पातळी होय. निर्णय शेतकरी स्वतः घेतो आणि पुढील वर्गात त्याचा परिणाम स्वतःच पाहतो. म्हणूनच शिकलेले विसरले जात नाही.

पतंग मात्र बांध मानत नाही. एकाने फरदड ठेवली तर साऱ्या शिवाराला उपद्रव होतो. यास्तव पंचायत सदस्यांनी पऱ्हाट्यांच्या विल्हेवाटीचा विषय ग्रामसभेत घ्यावा, शिक्षकांनी मुलांना बोंडांचे निरीक्षण शिकवावे. कापसाची वेचणी बहुधा स्त्रिया करतात. किडके बोंड प्रथम त्यांच्याच हाती येते. तेव्हा शेतीशाळेची वेळ त्यांच्या सोयीने ठरविणे, हे अधिकाऱ्यांचे पहिले कर्तव्य ठरते.