चहाचा वाडगा, गुडघे आणि लोहाची गोळी

कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार आणि नागपूरचे भदन्त सुरई ससाई यांच्यामुळे जपानचा बौद्ध धम्म आपल्याला परका राहिलेला नाही. आता आपली मुले-मुली शिकायला, नोकरीला तिकडे जाऊ लागली आहेत आणि तिथला चहाविधी, म्हणजे 'चानोयू', शिकावा का असे विचारतात. आरोग्याच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण जपानमध्ये भुकटीचा हिरवा चहा रुजला तोच औषध म्हणून.

झेन भिक्खू एइसाई ११९१ साली चीनहून परतले. १२११ साली त्यांनी 'किस्सा योजोकी' हा ग्रंथ लिहिला. चहा पिऊन आरोग्य कसे राखावे, हा त्याचा विषय. १२१४ साली तिथला लष्करी शासक सानेतोमो दारूच्या अमलाने बेजार असताना एइसाईंनी त्याला चहा पाजला आणि सोबत हा ग्रंथ दिला, अशी नोंद आहे. कडू चवीने हृदय बळकट होते, हे त्यांचे म्हणणे आजच्या शरीरशास्त्रात बसत नाही. चहाने दारूही उतरत नाही. झोप तेवढी उडते आणि ध्यानाला बसणाऱ्या भिक्खूंना तेच हवे होते.

पुढे सेन नो रिक्यू (१५२२ ते १५९१) यांनी या विधीला साधेपणाचे वळण दिले. चहाची खोली दोन चटयांएवढी आणि दार इतके बुटके की सरदारालाही तलवार बाहेर ठेवून, वाकून, गुडघ्यांवर आत यावे लागे. १५८७ साली हिदेयोशी या सत्ताधीशाने क्योतोतल्या कितानो इथे चहाचा मोठा मेळा भरवला. नोकर असो, शेतकरी असो, किटली, वाडगा आणि चटई घेऊन कुणीही यावे, अशी दवंडी होती. मेळा दहा दिवसांचा ठरला आणि एका दिवसात गुंडाळला गेला. चार वर्षांनी त्याच हिदेयोशीने रिक्यूंना आत्महत्येची आज्ञा दिली. तेव्हा चहाच्या खोलीत सगळे समान असले, तरी बाहेरचे जग तसेच होते.

वर्गात गेल्यावर लगेच चहा करायला मिळत नाही. आधी चालणे, बसणे, रेशमी रुमालाची घडी घालणे, वाडगा पुसणे. पुष्कळ जण इथेच कंटाळतात. आम्हा नर्सेसना मात्र यात ओळखीचे काहीतरी दिसते. पहिल्या वर्षी ड्रेसिंगची ट्रे लावायला शिकवतात तेव्हा कोणती वस्तू कुठे, कोणत्या हाताने, कशाच्या आधी, हे हाताला सवय होईपर्यंत घोटून घेतात. फरक एवढाच की चहाघराबाहेरच्या कुंडावर हात धुतात ते नुसत्या पाण्याने. विधी म्हणून ठीक आहे, स्वच्छतेसाठी साबण लागतोच.

पातळ चहाला साधारण दोन ग्रॅम भुकटी आणि ६०-७० मिलिलिटर गरम पाणी लागते. बांबूच्या बारीक रवीने ते घुसळतात. दूध नाही, साखर नाही. मात्र आधी गोड खायला देतात, बहुधा साखर घातलेल्या कडधान्याच्या पुरणासारखे. मधुमेह असणाऱ्यांनी ते हिशेबात धरावे. आपण पान उकळून गाळून टाकतो. इथे पानच पोटात जाते, म्हणून दोन ग्रॅममध्येही कॅफिन चाळीस ते ऐंशी मिलिग्रॅमच्या आसपास भरते. संध्याकाळच्या वर्गानंतर झोप येत नाही ती यामुळे.

भगिनींनो, खरी काळजी लोहाची आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. चहातील तुरट द्रव्ये भाजी-डाळीतले लोह शरीरात शोषू देत नाहीत. चहा हिरवा असो की आपला टपरीवरचा, जेवण आणि लोहाची गोळी यांपासून तो किमान तासभर दूर ठेवावा. गोळी चहाबरोबर घेणाऱ्या गरोदर बाया आम्ही वस्त्यांत नेहमी पाहतो. गोळी घेतल्याचे समाधान मिळते, रक्त काही वाढत नाही.

दुसरी गोष्ट गुडघ्यांची. टाचांवर बसण्याच्या 'सेइझा' बैठकीत पाय बधिर होतात. मुंग्या येताच ताडकन उठू नये, तोल जाऊन पडायला होते. गुडघेदुखी असेल तर खुर्ची मागायला लाजू नये. १८७२ साली क्योतोच्या प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांसाठी उरासेन्के घराण्याच्या ११ व्या प्रमुखांनी टेबल-खुर्चीची रीत बसवली. ती आजही शिकवतात.

ऋतूंचा भाग आम्हाला सगळ्यात आवडतो. मे ते ऑक्टोबर शेगडी आणि नोव्हेंबर ते एप्रिल जमिनीत बसवलेली चूल. उन्हाळ्यात विस्तव पाहुण्यापासून दूर, वाडगा उथळ, म्हणजे चहा लवकर निवतो. थंडीत विस्तव जवळ, वाडगा खोल. फुले रानात उगवतात तशीच एका साध्या भांड्यात ठेवायची, उग्र वासाची नकोत. पण कोळसा आला की आम्हाला बाळंतिणीची खोली आठवते. बंद खोलीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो. त्याला वास नसतो. तिकडे पुष्कळ वर्गांत आता विजेची शेगडी असते. आपल्याकडे निदान खिडकी उघडी असावी.

राहिला वाडगा. घट्ट चहाचा एकच वाडगा सगळे पाहुणे आळीपाळीने पितात, प्रत्येक जण आपली कड पुसून पुढे देतो. ज्यांच्या आजोबांना गावच्या हॉटेलात वेगळी, कान तुटलेली कपबशी मिळत होती, त्यांना हे वाचून काय वाटेल ते सांगायला नको. तरीही नर्स म्हणून सांगतो, सर्दी, फ्लू, कोविड उष्ट्या वाडग्यातून जाऊ शकतात, पुसल्याने ते थांबत नाही. उरासेन्केच्या १३ व्या प्रमुखांनी स्वच्छतेसाठीच प्रत्येकाला वेगळा वाडगा देण्याची पद्धत काढली होती, ती कोविडच्या काळात पुन्हा वापरात आली. तिथे वेगळा वाडगा सगळ्यांनाच मिळतो, ठरावीक एकाला नाही. क्षयरोग मात्र कपातून पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. घरातल्या क्षयरुग्णाचा कप वेगळ्या फळीवर ठेवण्याने कुणाचे रक्षण होत नाही. त्याने तोंडावर रुमाल धरणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि औषधाचा कोर्स पुरा करणे, याने होते.

वर्गाला जाताना सर्दी-ताप असेल तर शिक्षिकेला आधीच सांगावे आणि आपला वाडगा वेगळा मागावा. तिथे त्याचे कुणाला वाईट वाटत नाही.